कापडाच्या घराची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी चादर आहे. पण स्वस्थ पडून राहणं मला कधी जमलंच नाही. आत्ताही मंडळाच्या ट्रंकेत मला घडी घालून ठेवलंय आणि माझा जीव नुसता वरखाली होतोय. का, ते सांगते. आधी मागचं ऐका.

मागावरून उतरले तेव्हा मी गर्द निळी होते. पिशव्या शिवणाऱ्या एका बाईनं मला विकत घेतलं. ती सदा कामाच्या घाईत, म्हणून सगळी वस्ती तिला घाईबाई म्हणायची. तिची खोली इतकी अंधारी, की भर दुपारी सुईत दोरा ओवता यायचा नाही. म्हणून ती शिलाई मशीन ओढत दाराबाहेर गल्लीत आणायची आणि तिथंच शिवत बसायची. त्या मशीनवर घर चालायचं. दिवसा मी तिच्या डोक्यावर सावली धरायची, रात्री तिच्या सासूबाईंच्या अंगावर असायची. दोन्हीकडे माझं कौतुक व्हायचं.

पुढे वस्तीच्या जागी इमारत बांधायचं ठरलं. वस्तीतल्या बायकांचं एक मंडळ होतं. त्या म्हणाल्या, "कागदावरचं घर काही कळत नाही बाई. आधी कापडाचं बांधून बघू." मग मैदानात बांबू रोवले, नकाशाच्या मापानं दोऱ्या ताणल्या आणि घराघरातल्या चादरी भिंती म्हणून बांधल्या. दाराकडची भिंत मी झाले. वाऱ्यानं माझी सारखी फडफड चालली होती, पण खरं सांगू, मनातून मी फार खूश होते.

बायकांनी आत खाट टाकली, शेगडी मांडली, पाण्याचं पिंप ठेवलं. घाईबाईनं तिचं मशीनही आणलं. सगळं बसलं. इंजिनियर साहेब नकाशा पक्का करायला आलेच होते. तेवढ्यात घाईबाईला हातातलं काम आठवलं. तिनं सवयीनं मशीन ओढत माझ्याजवळच्या दारातून बाहेर काढलं आणि शिवायला बसली.

"अगं, कुठं निघालीस?" खाटेवरून सासूबाईंनी विचारलं.

"कुठं म्हणजे? बाहेर, कामाला."

"आपलं घर तिसऱ्या मजल्यावर ना? तिथं बाहेर काय आहे गं?"

मशीन थांबलं. नकाशात दाराबाहेर होता फक्त एक चिंचोळा बोळ आणि लगेच जिना. वस्तीत तर कुणी दारात बसून खेळणी जुळवायची, कुणी टोपल्या विणायची. सगळ्यांनी खाट मोजली, पिंप मोजलं. पण ज्या जागेवर पोट चालायचं ती कधी घरात नव्हतीच, म्हणून कुणी मोजलीच नाही.

"मग मशीन विकू का मी?" घाईबाई म्हणाली.

"जागा वाढवता येणार नाही, आजी," साहेब म्हणाले. "अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात."

"पाय कोण पसरतंय, साहेब? आम्हाला बसायला जागा हवी." सासूबाई उठल्या आणि त्यांनी माझी गाठ सोडली. "धर गं ते टोक."

दोघींनी मला हातभर आत सरकवलं. खोली आखडली. "हक्काची जागा कमी का करायची?" म्हणून काहीजणी चिडल्या. बराच वाद झाला. घाईबाई मात्र मशीन घेऊन माझ्या बाहेरच्या बाजूला मोकळ्या झालेल्या जागेत बसली. मग टोपलीवाली येऊन बसली, मग खेळणीवाली. साहेबांनी टेप काढला, मापं घेतली आणि काही दिवसांनी रुंद गॅलरीचा नवा नकाशा आणला.

आज त्या गॅलरीत घाईबाई शिवते आणि सासूबाई उन्हाला पाठ देऊन दोरे तोडतात. मी मात्र ट्रंकेत. नाल्यापलीकडच्या वस्तीचा नकाशाही आमचंच मंडळ बघतंय आणि तो परवा पक्का होणार आहे, असं काल कानावर आलं. "आता कळतो की आपल्याला नकाशा, कापडाचं घर कशाला?" असं म्हणत मंडळातल्या बायका निघून गेल्या. ट्रंक कुणी उघडलीच नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मी म्हणते, मला जपू नका, बाहेर काढा. मी विरलेय, ठिगळं लागलीत, पण गाठ अजून धरते. विटांची भिंत एकदा उभी राहिली की हातभरही सरकत नाही. नाल्यापलीकडेही एखादी घाईबाई दारात बसून शिवत असेल, आणि तिला अजून कुणी विचारलेलं नाही, की बाई, वरच्या मजल्यावर तू बसणार कुठं?