चौथं नाव

त्या गुरुवारी दुपारी कपडे वाळत घालायचा निळा चिमटा आईच्या कॉलरला होता आणि पिवळा काकांच्या. बाकीचे तिघं कागदावर काम करत होते. चष्म्याच्या दुकानांसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या त्या पाच जणांच्या ऑफिसात हे रोजचंच होतं. ज्या सॉफ्टवेअरमध्ये ते प्रोग्राम लिहायचे, त्याचं लायसन्स बारा वर्षांपूर्वीचं. एका वेळी दोघांनाच उघडता यायचं. तिसऱ्याने उघडलं की आधीच्या दोघांपैकी एकाचं काम न सांगता बंद पडायचं. त्यावरून दोन-तीन कडाक्याची भांडणं झाली, तेव्हा आईने घरून दोन चिमटे आणले. ज्याच्या अंगावर चिमटा, त्यानेच सॉफ्टवेअर उघडायचं. बाकीच्यांनी एकमेकांचा कोड छापून लाल पेन घेऊन वाचायचा, चुका शोधायच्या.

“आई, सोड आता तो चिमटा,” लेक म्हणाली. “तासाभराचं काम म्हणून तीन तास बसलीयेस.”

“बसणार. कंपनी माझी, चिमटा माझा.”

“आणि चुका?” काकांनी मान वर न करता विचारलं. वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून आईसुद्धा त्यांना काकाच म्हणायची.

“त्या तुमच्या!”

नवं व्हर्जन घ्यायला आई वर्षभर टाळाटाळ करत होती. नव्या कम्प्युटरवर जुनं उघडेचना, तेव्हा त्या दिवशी कुठे तिने हात टेकले. पाचही जणांना वापरून बघता येईल अशी तीस दिवसांची ट्रायल मागवली आणि एका पाठकोऱ्या कागदावर नावं लिहायला घेतली. नवं लायसन्स माणसाच्या नावावर होतं, तीन वर्षांसाठी.

“मी, काका आणि ही जोडगोळी. चार झाली.” जोडगोळी म्हणजे खिडकीपाशी बसणारे दोघं. नातं काही नाही, पण भांडण सख्ख्या भावांचं. त्यामुळे त्यांच्यात थोरला-धाकटाही ठरलेला.

“चारच?” लेकीने विचारलं.

“तुझं नाव कशाला तीन वर्षं अडकवू? त्या मोठ्या कंपनीचं पत्र आलंय ना तुला? टेबलावर उघडं टाकलंस तर आई वाचणारच.”

आई हसत होती, पण नजर कागदावरून हलली नव्हती. लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्या पत्राला नकार कळवून तीन आठवडे झाले होते. पण चारचौघांत सांगितलं असतं तर आईने आकाशपाताळ एक केलं असतं. माझ्यापायी स्वतःचं वाटोळं करून घेऊ नकोस, हे तिचं पाठ वाक्य. घरी गेल्यावर निवांत बोलू, असं लेकीने ठरवलं. घरी शेजारीण येऊन बसली होती. मग जेवणं झाली, आणि आई अंग दुखतंय म्हणून लवकर झोपली.

सकाळी लेक चहा घेऊन गेली, तेव्हा आई उठली नाही. हृदय, डॉक्टर म्हणाले. झोपेतच.

ऑफिस नऊ दिवस बंद राहिलं. दहाव्या दिवशी काकांनीच कुलूप काढलं. ट्रायलचे वीस दिवस उरले होते, आणि कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. आईचा बारा वर्षांचा प्रोग्राम त्यांनी नव्या व्हर्जनमध्ये घातला. त्याने चारशे अकरा चुकांची तक्रार केली. थोरल्याने तो आकडा फळ्यावर लिहिला आणि मग रोज संध्याकाळी तो पुसून नवा लिहायचा असं ठरून गेलं. तीनशे साठ. दोनशे पंचाण्णव. एकदा धाकट्याच्या कृपेने तो पुन्हा चारशेवर गेला, तेव्हा त्याच्याशी दोन दिवस कुणी नीट बोललं नाही. कामाच्या अठराव्या दिवशी फळ्यावर शून्य आलं. काकांनी टाळी वाजवली, मग डोळे पुसले आणि म्हणाले, “एसी फार झोंबतो.” एसी कित्येक महिने बंद होता.

त्याच दुपारी सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीतून फोन आला. लेकीने तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

“ताई, तुमची ट्रायल परवा संपतेय. तुमचा वापर पाहिला मी. पाच जणांना मोकळीक दिली होती, पण एका वेळी दोघांच्या वर कुणी उघडलंच नाही. असं कसं?”

निळा चिमटा काकांच्या कॉलरला होता, पिवळा थोरल्याच्या. सगळ्यांना एकदमच उमगलं.

“काल अख्खी दुपार मी चिमट्याची वाट बघत कागद रंगवले!” धाकटा ओरडला.

“मग उघडायचं होतंस. कुणी हात धरले होते?” थोरला म्हणाला.

“मॅडमचा नियम होता!”

काका हसायला लागले, मग सगळेच. आई गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदाच कुणी असं खळखळून हसत होतं, आणि हसताहसता लेकीला खुर्चीचा हात धरावा लागला.

“मी काय म्हणतो ताई,” फोनवरचा माणूस म्हणाला, “दोघांचं सामायिक लायसन्स घ्या ना. नावं द्यायलाच नकोत. कुणी आलं, कुणी सोडून गेलं, तुम्हाला कटकट नाही.”

काकांनी पुढे होऊन फोन म्यूट केला.

“तेच घे, बाळ. आम्ही तिघं भागवून नेऊ. तू आमच्यासाठी अडकून पडू नकोस. तुझी आई रोज विचारायची मला, ‘पोरीने राजीनाम्याचं काही काढलं का?’ ‘मी तिला थांब म्हणणार नाही,’ म्हणायची. ‘पण काका, पोर गेल्यावर माझा कोड इतक्या बारकाईने कोण वाचणार?’”

लेकीने फळ्यावरच्या शून्याकडे पाहिलं. दोघांचं सामायिक घेतलं तर कुणाचंच नाव कुठे लिहायला नको होतं. कुणी काही विचारणारही नव्हतं. तिने आवाज पुन्हा सुरू केला.

“नावाचीच द्या. चार. तीन वर्षांची.”

“पण वापर तर दोघांचाच...”

“तो चिमट्यांचा हिशेब आहे. फार लांबलचक गोष्ट आहे, पुन्हा केव्हातरी सांगेन. नावं लिहून घ्या.”

काकांचं आणि जोडगोळीचं अशी तीन नावं तिने सांगितली.

“आणि चौथं?”

तिने स्वतःचं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.

“अगं, आणि ते पत्र?” काकांनी विचारलं. “त्या कंपनीचं?”

“त्यांना मी तेव्हाच नाही म्हणून कळवलं होतं, काका. आईला सांगितलं नाही. मला इथेच राहायचं होतं. मला आईबरोबर काम करायला आवडायचं.”