पुठ्ठा नव्हे, मक्याची टॉर्टिया

मी मक्याची टॉर्टिया बोलतेय, म्हणजे मेक्सिकोकडची पातळ भाकरी. वीस जणींच्या पाकिटातली सर्वांत खालची. माझ्याबद्दल लोक काय काय म्हणतात ते आधीच सांगून टाकते: पुठ्ठा, चामडं, पेल्याखालची चकती. असं म्हणणाऱ्यांपैकी एकानेही मला नीट गरम केलेलं नसतं. कच्चा बटाटा चावून कुणी बटाट्याला नावं ठेवत नाही. मला मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याने टपली मारावी.

माझं घराणं साधं आहे. मका, पाणी आणि चुना. चुन्याच्या निवळीत दाणे शिजवतात, रात्रभर मुरू देतात, चोळून सालं काढतात आणि ओलेच दळतात. त्या पिठाचा गोळा दाबला आणि मी झाले. दोन्ही अंगांनी भाजलं, गार केलं, पाकिटात बंद केलं. माझ्यात गव्हाचा कणही नाही. ही बढाई नव्हे. त्यावर एका मुलीचं पोट अवलंबून होतं, आणि पुढे तिचं घरही.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मला जागा मिळाली ती अगदी खालच्या फळीवर, कुत्र्याच्या बिस्किटांशेजारी. पाव डोळ्यांसमोर, चिवडे-वेफर हाताशी, आणि आम्ही गुडघ्याखाली. दुकानवाली मावशी म्हणायची, "खपतंय कुठं ते? वर ठेवून काय करू?" दिसत नाही ते खपायचं कसं, हे तिला कोण सांगणार? तरी दर आठवड्याला एक पाकीट ती मागवायचीच. एक बाई दर गुरुवारी यायची, वाकून तारीख बघायची आणि पाकीट घेऊन जायची. चार महिने ती आली नव्हती. मावशी पाकीट मागवत राहिली, आणि मुदत संपली की पुटपुटत टाकून देत राहिली.

एका शनिवारी सकाळी एक माणूस दुकानात आला. तो चष्म्याच्या काचा घासायचं काम करायचा. नखांत काचेची पांढरी भुकटी बसलेली होती. त्याने एक फोडलेलं पाकीट मावशीपुढे ठेवलं. पाकिटावर हातभर कणसाचं चित्र.

"असलंच हवंय. पण यात गहू आहे. बिनगव्हाचं मिळेल का?"

"यात गहू? चित्र तर मक्याचं दिसतंय."

"मोठ्या दुकानातून आणलं. मागे बारीक अक्षरात लिहिलंय. मी वाचलं नाही." पाकीट उलटून दाखवत तो म्हणाला, "माझ्या मुलीला गहू चालत नाही. दोन दिवस पोट धरून पडली होती."

मी खालून त्या पाकिटाकडे बघत होते. तोंडावर कणीस आणि पोटात मैदा! माझं नाव लावून मोठ्या दुकानाच्या झगमगाटात मिरवायचं, आणि दुखणं एका पोरीच्या वाट्याला. आणि हा माणूस? लोकांना बारीक अक्षर दिसावं म्हणून याने आयुष्य घासलं, आणि नेमकं हेच पाकीट उलटून बघितलं नाही.

मावशी त्याच्याकडे निरखून बघत होती. "दर गुरुवारी एक बाई पाकीट न्यायच्या, त्या तुमच्या घरातल्या का?"

"कशावरून?"

"दुसरं कोण नेतं हो? हल्ली येत नाहीत. म्हटलं, माझंच काही चुकलं की काय."

"नाही, तुमचं काही नाही. माझी बायको होती ती. गेली. चार महिने झाले."

मावशीने फडकं घेतलं आणि स्वच्छ असलेलं काउंटर पुन्हा एकदा पुसलं. मग स्वतः खाली वाकली आणि आम्हाला वर काढलं.

घरी त्याची थोरली बहीण येऊन बसली होती. मुलीच्या पोटाचं कळलं म्हणून आली होती, आणि ठरवूनच आली होती.

"उद्या दुपारच्या गाडीने मी हिला घेऊन जाते. शाळा तिकडं बघू. तुझ्याच्यानं होत नाही रे, यात लाज कसली?"

तो नाही म्हणाला नाही. मुलगी नऊ वर्षांची. टेबलाशी बसून पेन्सिलीला टोक काढत होती. टोक झालं होतं, तरी काढत होती. तिला कुणी विचारलं नाही.

"ताई, मी मक्याच्या आणल्यात. आज मी करतो," तो म्हणाला.

"कर बाबा, कर."

आणि त्याने काय करावं? दिवसभर आम्हाला फ्रिजमध्ये ठेवलं. संध्याकाळी तशाच गारढोण बाहेर काढल्या, राजमा भरला आणि घडी घातली. माझी पहिली बहीण मधोमध तडकली. दुसरीही. मग त्याने हलक्या हाताने घातली, मग जोर लावून घातली, मग पाणी लावून बघितलं. बारा जणी गेल्या. बारा! काचेचा कण इकडचा तिकडे होऊ न देणारा हा माणूस, आणि आम्ही गार असताना वाकत नाही एवढं त्याच्या ध्यानात येऊ नये?

"अरे, हा पुठ्ठा आहे," ताई म्हणाली. "आणि पोरीला हे खायला घालतोस?"

मुलीने राजमा चमच्याने खाल्ला. तुकडे कचऱ्याच्या डब्यात गेले.

"ती करायची तेव्हा कधी बघितलं नाहीस का?" ताईने विचारलं.

"मी पेपर वाचत असायचो."

खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. पण माझा जीव जळला. इतकी वर्षं त्या बाईने आमच्या किती बहिणी त्याच्या ताटात वाढल्या असतील. स्वयंपाकघर बैठकीपासून सहा पावलांवर. माणसं सहा पावलं चालत नाहीत, आणि मग पाकिटाच्या मागे उत्तर शोधतात.

रविवारी सकाळी त्याने तेच केलं. डोळ्याला भिंग लावून माझं पाकीट कानाकोपऱ्यापर्यंत वाचलं. तिथे एवढंच होतं: गरम करून वाढा. त्याने भिंग खाली ठेवलं. टेबलापाशी मुलगी बसली होती.

"आई कसं करायची ग?"

"मला तव्याजवळ येऊ द्यायची नाही."

"मग तुला काहीच माहीत नाही?"

"मी इथं बसून पाढे म्हणायचे. सातचा संपला की ती उलटायची. मग आठचा."

"तेल?"

"नाही. कोरडा तवा, पण चांगला तापलेला." मग तिने मान वर केली. "आठचा मला येत नव्हता. मी अडकायचे, आणि ती बाजू करपायची. आई म्हणायची, पाठ कर, नाहीतर कोळसा खा."

दारात उभी असलेली आत्या नाकातून हसली.

त्याने तवा ठेवला. आमच्यातली एक उचलली. "म्हण."

मुलीने पेन्सिल उचलली, पुन्हा खाली ठेवली. तवा तापत राहिला. त्याने घाई केली नाही, हे त्याचं त्या दोन दिवसांतलं पहिलं शहाणपण. मग पेन्सिलीकडे बघत तिने सुरू केलं. "सात एके सात. सात दुणे चौदा."

सत्तरवर त्याने ती उलटली. आठ सक्कंला ती अडकली. तो उलथनं हातात धरून उभा राहिला, करपल्याचा वास आला तरी. शेवटी आत्याच म्हणाली, "अगं, अठ्ठेचाळीस. कोळसा करताय का तिचा?"

"आता रुमालात गुंडाळ, बाबा. झाकण लाव. आणि मधेच उघडून बघायचं नाही," मुलगी म्हणाली.

एकेक करत आम्ही आठही जणी भाजून रुमालात गेलो आणि एकमेकींच्या वाफेत मऊ झालो. हेच तर मी पहिल्यापासून सांगत होते! गरम करा, झाका, जरा दम धरा. मग घडी घाला, गुंडाळी करा, हवं ते भरा, मी तडकले तर नाव बदलेन. मला घ्यायचं तर खालच्या फळीपर्यंत वाका, पाकीट उलटून मागचं वाचा. आणि घरात कुणी तव्यापाशी उभं असेल तर तो पेपर बाजूला ठेवा. शिकवणारं माणूस कायम तिथे उभं राहणार नाही.

मुलीने चार खाल्ल्या. आत्याने तीन. पुठ्ठा हा शब्द तिने मागे घेतला नाही, पण हात धुताना म्हणाली, "कुठल्या दुकानात मिळतं रे हे? सुट्टीत ही माझ्याकडे येईल तेव्हा आणून ठेवायला हवं."

"सुट्टीत?"

"मग काय, शाळा बुडवून येणार का?"

तो तव्याखालचा गॅस बंद करायला वळला, आणि गॅस बंद झाल्यावरही तसाच पाठमोरा उभा राहिला.

रुमालात मी एकटी उरले होते. सगळं झालं तरी त्याला जेवलास का, हे कुणी विचारलं नव्हतं. तव्यापाशी उभं राहणाऱ्याला कुणी विचारत नाही, ही या घराची जुनी रीत. ती त्याला त्या दिवशी कळली असावी. मुलीने मला उचललं, मधून फाडलं आणि मोठा तुकडा त्याच्या हातात दिला.

फाडल्याचा राग मला एवढ्याच वेळी आला नाही. येते मी.