तारेपुरतं बोलणं

"बाजूला."

"झाले."

धाकटीने कटर दाबला. ताणलेली तार तुटली आणि गठ्ठ्यावर सपकन आपटली. थोरलीने पुढे होऊन आकडा घातला, तार ओढून काढली, तिचं वेटोळं केलं आणि मागच्या पिंपात टाकलं. मग पुन्हा "बाजूला," पुन्हा "झाले." सख्ख्या बहिणी, पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोघींमध्ये बोलणं व्हायचं ते एवढंच, आणि तेही गठ्ठ्याच्या कृपेने.

रद्दीपासून नवा कागद करणारा तो कारखाना. रद्दी यायची ती माणसाच्या छातीएवढ्या उंच गठ्ठ्यांत, पोलादी तारांनी करकचून बांधलेली. तार लगद्याच्या टाकीत गेली तर सगळा कारखाना ठप्प, म्हणून एकीने ती कापायची आणि दुसरीने ओढून काढायची. कापलेली तार कुठे उडेल याचा नेम नसायचा. याच जागेवर एका कामगाराचा डोळा गेला होता. तेव्हापासून नियमच झाला: कापणारीने हाक द्यायची, ओढणारीने सरकून उत्तर द्यायचं आणि उत्तर ऐकल्याशिवाय कटर दाबायचा नाही. आकडा घेऊन तार उडेल त्या बाजूला उभं राहायचं काम थोरलीने पहिल्या दिवशीच स्वतःकडे घेतलं होतं, आणि धाकटीने ते तिला घेऊ दिलं होतं.

तेव्हा दोघींचं गूळपीठ होतं. कामावर एकत्र यायच्या, डबा एकत्र खायच्या, सुपरवायझरच्या चालण्याची नक्कल करून एकत्र हसायच्या. मग आई गेली. आई थोरलीकडे असायची, कितीतरी महिने अंथरुणाला खिळलेली. त्या रात्री तिचा श्वास बिघडला तेव्हा थोरली रजा घेऊन तिच्याजवळ होती आणि धाकटी कारखान्यात रात्रपाळीला. थोरलीने निरोप धाडला नाही. सकाळी धाकटी थेट आईकडे आली, तर दारात चपलांचा ढीग दिसला.

"मला वाटलं, सकाळ काढेल," थोरली म्हणाली होती.

धाकटीने त्यावर एक अक्षर काढलं नाही, आणि नंतरही काढलं नाही. तिने अबोला धरला तो धरलाच. जोडी बदलून मागितली, तर सुपरवायझर म्हणाला, "भांडण घरी ठेवा. तारेवर सवयीचाच हात लागतो." तेव्हा तिने मनाशी ठरवलं की तारेपुरतं बोलायचं. त्यापलीकडे शब्द नाही.

थोरली मात्र वस्ताद. तिने तारेचीच हद्द वाढवत नेली. "झाले" म्हटल्यावर ती हळूच जोडायची, "हातमोजे फाटलेत, बदल, तार लागेल." हे तारेचंच होतं, धाकटीला अडवता येईना. "झोप झालेली दिसत नाही, दमाने काप." हेही ओढूनताणून तारेचं म्हणता आलं असतं. पण एकदा ती सरळ विचारून बसली, "पोरीचा निकाल लागला का गं?" तेव्हा धाकटी "बाजूला" अशी काही कडाडली की फोर्कलिफ्टवाल्याने घाबरून गाडीच थांबवली. दुसऱ्या दिवशी थोरली गठ्ठ्याकडे बघत म्हणाली, "घरात कुणी नापास झालं असेल तर कापणारीचं लक्ष थाऱ्यावर नसणार. मी आपली चार हात लांबच उभी राहते."

"लक्ष आहे," धाकटी म्हणाली.

भाची पास झाल्याचं थोरलीला असं कळलं. दिवसभर ती तारा ओढताना गालात हसत होती. धाकटीने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

अशी वर्षं गेली. माणसाला कशाचीही सवय होते, तशी दोघींना त्या दोन शब्दांची झाली. आणि मग यंत्र आलं.

पिवळ्या जाळीच्या आत एक मोठा लोखंडी हात बसवला. गठ्ठा पट्ट्यावरून आत गेला की कॅमेरा तार शोधणार, हात ती कापणार, गुंडाळून गोळा करणार आणि पेटीत टाकणार. जाळीबाहेर नजर ठेवायला एक माणूस पुरे. सुपरवायझर दोघींसमोर येऊन घुटमळला. कुणाला ठेवायचं हे त्याच्याच्याने बोलवेना.

"तिला ठेवा," थोरली म्हणाली. "तिची पोरगी शिकतेय. मी लेकाकडे जाते, तो केव्हाचा बोलावतोय."

हे सगळं धाकटीच्या देखत झालं, पण तिला उद्देशून नव्हे. तारेचं नव्हतं ना ते.

हाताने कापायचा शेवटचा गठ्ठा आला तेव्हा फोर्कलिफ्टवाल्याने तो अलगद टेकवला. "सावकाश होऊ द्या," म्हणाला आणि उगाच दूर जाऊन उभा राहिला. एकेक तार सुटत गेली. शेवटच्या तारेवर धाकटीने कटर लावला. आता ही तुटली की संपलं, मग ताईशी बोलायला निमित्त उरणार नाही, हे तिला लख्ख कळत होतं. आत्ता बोल, तिने स्वतःला बजावलं. नुसतं ताई म्हण.

"बाजूला," ती म्हणाली.

"झाले."

कटर तसाच राहिला. पलीकडे नव्या यंत्राची चाचणी चालली होती. थोरली वाट बघत होती, धाकटी तारेकडे बघत होती.

"काप की," थोरली हळूच म्हणाली.

धाकटीने कापली. थोरलीने तार ओढली, वेटोळं केलं, पिंपात टाकलं. आकडा खिळ्याला अडकवून हातमोजे झटकले, आणि कपडे बदलायच्या खोलीकडे निघून गेली.

यंत्र चांगलं होतं. उगाच त्याला नावं का ठेवा. आता कुणाचा डोळा जाणार नव्हता, कुणाच्या मनगटावर ओरखडे उठणार नव्हते. धाकटी खुर्चीवर बसून जाळीतून बघायची. लोखंडी हात तार पकडायचा आणि कापायचा. कुणाला विचारायचं नाही, कुणासाठी थांबायचं नाही. पहिल्या दिवशी पाळी संपल्यावर गेटवरच्या माणसाने काहीतरी विचारलं, तर धाकटीचा आवाजच फुटेना. सकाळपासून तिने तोंड उघडलं नव्हतं. ती घरी न जाता तशीच थोरलीच्या खोलीकडे वळली.

दार उघडंच होतं. खोलीभर सामान पसरलेलं. थोरली जमिनीवर बसून पांघरुणांच्या घड्या घालत होती.

"ताई," धाकटी म्हणाली. किती वर्षांनी.

थोरलीचे हात क्षणभर थांबले. "ये. पाय सांभाळ, पसारा आहे."

धाकटी बसली. एक पांघरूण तिने पुढ्यात ओढलं आणि घडी घालू लागली. मध्ये गठ्ठा नव्हता, तर काय बोलायचं तेच दोघींना उमजेना.

"उद्या?"

"सकाळच्या गाडीने. लेक न्यायला येतो म्हणत होता, मीच नको म्हटलं."

"ताई, मी इतकी वर्षं..."

"नको," थोरली म्हणाली. "बोलायला लागलीस की आईवर येशील. मला वाटलं होतं सकाळ काढेल, नाही काढली. याउपर माझ्याजवळ सांगायला काही नाही. तेव्हाही नव्हतं."

"मी भांडायला नाही आले."

"माहीत आहे. भांडायला येशील म्हणून किती दिवस दार लावत नव्हते मी. तेव्हा यायचंस."

धाकटीने घडी मोडली, पुन्हा घातली. "राग नाही आला तुला माझा?"

"न यायला काय झालं? घरी येऊन भांडी आपटायचे. शेजारीण भिंत वाजवायची." थोरली जरा हसली, मग हसू मावळलं. "पण सकाळी तू कटर हातात घेतलास की आधी माझ्याकडे बघायचीस. सरकले का, पुरती लांब आहे का. मी हो म्हणेपर्यंत तुझा हात हलायचा नाही. दिवसभर तेच. मला एवढं कुणी जपलं नाही गं. नवऱ्याने नाही, लेकाने नाही. तू बोलत नाहीस हे मला घरी आल्यावर आठवायचं. तिथं कधी आठवलं नाही."

"ते तर कामच होतं," धाकटी म्हणाली. म्हणताक्षणी तिला आपली जीभ चावावीशी वाटली.

"असेल. मला पुरलं."

मग धाकटी रडली. तोंडावर पांघरूण दाबून, लहानपणी रडायची तशी. आई गेली तेव्हा रागाच्या भरात तिचं रडायचं राहूनच गेलं होतं. आता आईसाठी की ताईसाठी, तिलाही सांगता आलं नसतं. थोरलीने तिला जवळ घेतलं नाही. ती सवय दोघींची केव्हाच मोडली होती. ती नुसती शेजारी सरकून बसली. रडणं ओसरेपर्यंत तिने उरलेल्या घड्या घालून संपवल्या.

घड्या चादरीत बांधून झाल्या. वरून थोरलीने दोरी दोनदा फिरवली, आवळून पहिली गाठ मारली आणि म्हणाली, "बोट ठेव इथं."

धाकटीने गाठीवर बोट ठेवलं. थोरलीने दुसरी गाठ घातली आणि दोन्ही टोकं हातांत धरली.

"काढ आता, म्हणजे आवळते."

धाकटीने मान हलवली. बोट तसंच राहिलं.

थोरलीने घाई केली नाही. दोरीची टोकं हातांत घेऊन ती समोर बसून राहिली.