राखीव यादीतली पहिली

“उजवा खांदा,” बाबा खुर्ची ओढून तिच्या कानाशी लागले. “बर्फाची पिशवी धरून बसलीये. या डोळ्यांनी पाहून आलो.”

“कुणाचा?”

“कुणाचा काय? गिड्डीचा!”

बुटाची नाडी सुटलेली नव्हती, तरी लंबू वाकून ती पुन्हा बांधत राहिली.

खेळाडूंच्या बसायच्या खोलीत ती सकाळी नऊपासून होती. कालही होती. टेनिसच्या महिला एकेरीच्या मुख्य स्पर्धेत बत्तीस जणी खेळणार होत्या आणि लंबू त्यांतली नव्हती. पात्रता फेरीचा शेवटचा सामना ती रविवारी हरली होती. पण अशा हरलेल्यांचीही एक राखीव यादी असते. मुख्य स्पर्धेतल्या कुणी पहिल्या सामन्याआधी माघार घेतली, की यादीतल्या पहिलीनं तिच्या जागी उतरायचं. यादीत लंबू पहिली होती. म्हणून सकाळी येऊन सही करायची आणि दिवसभर खेळाच्या कपड्यांत तयार बसायचं. फाटकाबाहेर पडायचं नाही, पोटभर जेवायचं नाही. अंग गार पडू नये म्हणून तासातासाला मागच्या बोळात जाऊन दोरीवरच्या उड्या मारायच्या, घाम पुसायचा आणि परत येऊन त्याच खुर्चीत बसायचं. पहिल्या फेरीच्या सोळा सामन्यांपैकी पंधरा सुरू झाले होते, नाहीतर संपले होते. उरला होता एकच. चार वाजता, तीन नंबरच्या कोर्टवर, गिड्डीचा.

“तू बोल तिच्याशी,” बाबा म्हणाले.

“काय बोलू?”

“अगं, सहा वर्षं दुहेरी खेळलात जोडीनं. तुझं ऐकेल ती. तो खांदा घेऊन ती कोर्टवर काय दिवे लावणार आहे? आणि तू इथं एक फेरी काढलीस ना, तर क्रमवारीत वर जाशील, पुढच्या वर्षी ही पात्रता फेरीची कटकट संपली बघ.”

“बाबा, हळू. लोक ऐकतायत.”

बाबा मागे सरकले, पण नजर दारावरच. एके काळी ते शाळेत खेळाचे मास्तर होते. पोरांचे फुटलेले गुडघे धुवून त्यावर फुंकर घालत औषध लावणारा हा माणूस. लंबू चौदाची झाली तेव्हा त्यांनी नोकरीवर पाणी सोडलं आणि तिची बॅग उचलली. आता ती एकतीसची होती. आणि गेले दोन दिवस बाबा कोण लंगडतंय, कोण खोकतंय, हे बघत आवारभर फिरत होते.

एवढ्यात गिड्डीच दारातून आत आली. बाबा झटकन उठले. “ये, ये बाळा, बस. मी जरा चहाचं बघतो.” जाताजाता त्यांनी लंबूकडे असं पाहिलं, की सांगायचं काही शिल्लक राहिलं नाही.

गिड्डी धपकन खुर्चीत बसली. “तुझे बाबा मघाशी माझ्या खांद्याकडे असे बघत होते, जसं काही विकत घ्यायचाय.”

लंबूला हसू आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. “सॉरी गं.”

“सॉरी कसलं? माझा बाप असता तर त्यानं तुझा पाय मोडला असता.” गिड्डीनं उजवा हात वर नेला. तो कानापर्यंत गेला आणि तिथंच अडला. “हे बघ. याच्यावर जात नाही. डॉक्टर म्हणाले, खेळू नकोस. लंबू, कुणाला बोलले नाहीये, पण ही माझी शेवटची स्पर्धा.”

“काय सांगतेस?”

“आई आलीये. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. वर बसलीये टोपी घालून. तिला टेनिसमधलं ओ की ठो कळत नाही, पण म्हणाली, एकदा बघते तरी तू काय करतेस ते.” गिड्डी पुढे झुकली. “पण तू दोन दिवस इथं बूट घालून बसलीयेस, ते मला दिसतंय. तू एक शब्द बोल. आत्ता जाऊन माघारीची सही करते. देवाशपथ, मनात काही ठेवणार नाही.”

लंबूनं तिचं मनगट पकडलं. आणि ते कशानं पकडलं, हे कळल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. गिड्डी खरंच सही करेल, या धास्तीनं पकडलं होतं.

रविवारी शेवटचा चेंडू जाळ्यात गेला, तेव्हा तिच्या तोंडून ‘हुश्श’ निघालं होतं. बाबांना तो सुस्कारा वाटला. रात्री ते म्हणाले, नशीब गं, दोन बोटांनी गेलं. ती मान डोलावत राहिली. मला नाही खेळायचं, हे तीन शब्द ती गेली तीन वर्षं तोंडात धरून होती. पण खेळायचं नाही तर काय करायचं? तिला दुसरं काही येत नव्हतं. आणि बाबांना तिच्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

“खेळ,” ती म्हणाली.

“नक्की?”

“आई आलीये ना तुझी? मग खेळ.”

गिड्डीनं डाव्या हातानं तिला घट्ट कवटाळलं. “तुझ्याएवढं मोठं मन कुणाचं नाही गं,” ती रडत म्हणाली. लंबू दगडासारखी बसून राहिली.

सामना त्रेचाळीस मिनिटांत आटोपला. गिड्डी सहा-एक, सहा-शून्य अशी हरली. हात वर जाईना, तेव्हा गिड्डीनं खालून सर्व्हिस केली. लोक आधी हसले, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिची आई तर प्रत्येक गुणाला टाळ्या वाजवत होती, समोरचीच्यासुद्धा.

कठड्यापाशी बाबा लंबूच्या शेजारी उभे होते. हातातला चहा निवून गेला होता.

“तूच सांगितलंस तिला खेळायला?”

“हो.”

आता ते बोलतील, ओरडतील, आणि मग मलाही बोलता येईल, असं तिला वाटलं. तिनं श्वास घेतला.

“बरं केलंस,” बाबा म्हणाले. “मलाच लाज वाटायला हवी होती. पोरीच्या दुखण्यावर टपून बसलो. तू तुझ्या आईवर गेलीस, बरं झालं.”

“तसं नाही बाबा, मी...”

“असू दे. पुढच्या आठवड्याच्या पात्रता फेरीला नाव देऊन आलोय मी. सकाळी सहाची बस आहे. अशा मनाच्या माणसाला देव एकदा तरी देतोच.”

हॉटेलकडे जाणाऱ्या बसमध्ये ते शेवटच्या सीटवर बसले. बाबांनी सवयीनं तिचा पाय मांडीवर घेतला. घोट्याला सकाळी बांधलेली चिकटपट्टी त्यांनी कात्रीचं टोक कातडीला लागू न देता कापली आणि केस ओढले जाऊ नयेत म्हणून सावकाश सोडवली. खाली पांढरे वळ उठले होते. बाबा ते अंगठ्यानं चोळत राहिले.

“दुखतंय?”

“नाही.” तिनं खिडकीतून नजर आत वळवली. “बाबा...”

“बोल की.”

तिनं दुसरा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला.