मोजणीच्या दिवशी रिकामं फाटक

सकाळचे साडेआठ वाजले होते आणि फाटकावर चिटपाखरू नव्हतं.

एरवी या वेळेला आमच्या रेल्वे फाटकाच्या दोन्ही बाजूंना स्कूटर, ऑटो, शाळेच्या बस आणि टॉवरच्या कामावरचे सिमेंटचे मिक्सर असे एकमेकांत घुसलेले असतात, की मधून मांजरालाही वाट मिळत नाही. त्या सोमवारी मात्र रस्ता मोकळा. रुळांच्या कडेचे दगड चुन्याने पांढरे केलेले, भाजीच्या गाड्या गायब, ऑटो स्टँड दोनशे फूट मागे सरकवलेला. आणि या सगळ्याच्या मधोमध इस्त्रीचा निळा शर्ट घालून गेटमन दत्तोबा उभे. चुना त्यांनी अफझलगंजच्या बाजारातून स्वतः आणला होता. मला बघताच म्हणाले, "कसं काय, सेक्रेटरी साहेब? साहेब लोकांना बोट ठेवायला जागा हाय का, बगा बरं."

मी पुण्याचा. दुसऱ्याने केलेल्या व्यवस्थेत खोट काढल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. पण त्या दिवशी मीही खूश होतो, कारण यातली अर्धी व्यवस्था माझी होती. कॉलनीचा सेक्रेटरी या नात्याने मीच कॉलनीला, शाळेच्या बसवाल्यांना आणि टॉवरच्या ठेकेदारांना तीन भाषांत मेसेज टाकला होता, की सोमवार ते बुधवार पालिकेची पाहणी आहे, तरी सर्वांनी फाटकाकडून न जाता दर्ग्यामागच्या रस्त्याने जावं आणि सहकार्य करावं. आमची कॉलनी एरवी पाण्याची टाकी धुवायच्या दिवशीसुद्धा सहकार्य करत नाही. या वेळी केलं. सगळी कॉलनी चार किलोमीटरचा वळसा घालून कामाला गेली, माझी बायको शोभासुद्धा.

एवढा उत्साह यायला कारण होतं. फाटकापलीकडे तीस-तीस मजल्यांचे टॉवर उठत होते. जो गर्दी आणतो त्यानेच गर्दीची सोय करावी, या हिशेबाने पालिकेने बिल्डरांवर फी बसवली होती, आणि ती फी याच भागातल्या रस्त्यांवर नि रेल्वे फाटकांवर खर्च करायची असं ठरलं होतं. बिल्डर चिडले, मग गप्प बसले. अडचण एकच होती. आमच्या भागात फाटकं दोन, आमचं आणि तळ्याजवळचं, आणि जमणाऱ्या फीमधून रुळांखालचा भुयारी रस्ता होणार एकाच ठिकाणी. कुठे, ते या पाहणीवर ठरणार होतं.

दत्तोबांना तो रस्ता आमच्या फाटकावर हवा होता. रस्ता झाला की गेट जाणार हे त्यांना कळत होतं, पण त्यांची स्वतःची नोकरी चार महिन्यांत संपणार होती. आजोबा उदगीरकडून निजामाच्या रेल्वेत आले, बाप रेल्वेत, हेही रेल्वेत. एकतीस वर्षांच्या नोकरीत सर्व्हिस बुकात एक काळा शेरा नाही, हे ते महिन्यातून एकदा तरी सांगत. त्यातली बावीस वर्षं याच गेटवर गेलेली. स्टेशनवरून फोन आला की गेट बंद करायचं, आणि गाडी जाईपर्यंत जीव गेला तरी उघडायचं नाही. या काळात लोकांनी त्यांना मराठी, तेलुगू, उर्दू आणि हिंदी अशा चारही भाषांत शिव्या दिल्या. सगळ्यांना ते एकच उत्तर देत, "हौ, बरोबर हाय तुमचं."

जीव गेला तरी, असं मी उगाच लिहिलं नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलनीतल्या एकनाथरावांच्या छातीत दुपारी दुखायला लागलं. रिटायर पोस्टमास्तर, दत्तोबांचे जिवाभावाचे. रोज संध्याकाळी गेटच्या खोलीबाहेर बसून दोघं मराठी पेपर वाचायचे. घरचे त्यांना कारमध्ये घालून हिमायतनगरच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर गेट बंद. मालगाडी आली आणि सिग्नल नसल्याने गेटवरच उभी राहिली. एकोणीस मिनिटं. दत्तोबा कारच्या खिडकीशी हात जोडून उभे होते. एकनाथराव गेले. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. एकनाथरावांच्या पत्नी रंजनाताईंनी दत्तोबांना एका शब्दाने दोष दिला नाही. त्याचाच दत्तोबांना जास्त त्रास झाला असावा.

तर, सोमवार. गेटजवळ छत्रीखाली लावण्या नावाची एक मुलगी हातात टॅब घेऊन बसली होती. पालिकेने ज्या कंपनीला पाहणीचं काम दिलं होतं, तिथली ही इंजिनिअर. दत्तोबांनी तिच्यासाठी खुर्चीवर उशी ठेवली होती, चहा दोनदा पाजला होता. दहाच्या सुमारास तिने त्यांना विचारलं, इथे नेहमी असंच रिकामं असतं का?

"अम्मा, अपने गेट पे कब्बी जाम नै होता," दत्तोबा छाती फुगवून म्हणाले. "बाईस साल से."

मी त्यांच्या शेजारी उभा राहून मान डोलावली. मग सहज तिच्या टॅबमध्ये डोकावलो. कार, स्कूटर, ऑटो, ट्रक असे रकाने होते आणि त्यांच्यापुढे केविलवाणे आकडे. मी विचारलं, हे कशाला? ती म्हणाली, गाड्या मोजायला. ज्या फाटकावर जास्त गाड्या अडकतात तिथे रस्ता होणार. तळ्याजवळच्या फाटकावर आज सकाळी दोन तासांतच हजारावर गाड्या झाल्या म्हणे. तिने ते अगदी साधेपणाने सांगितलं आणि बिस्किट चहात बुडवलं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. रेल्वेत साहेब येणार म्हटलं की दगड रंगवायचे, रस्ता झाडायचा, गर्दी हटवायची, हे दत्तोबांच्या अंगात तीन पिढ्यांपासून मुरलेलं. त्यांना पाहणी म्हणजे दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. पण मी? मी बत्तीस वर्षं कंपनीत आकड्यांचे तक्ते केलेला माणूस. पालिकेच्या नोटिशीत 'वाहतूक पाहणी' असं स्पष्ट लिहिलेलं असताना मला त्यातला 'पाहणी' एवढाच शब्द दिसला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, आणि इथे तर अख्खं फाटक रिकामं केलेलं.

दत्तोबांना मी बाजूला नेऊन सांगितलं.  ते खोलीत गेले, पाणी प्यायले, आणि फोनशेजारच्या स्टुलावर बसले.

मी मात्र पेटलो. संध्याकाळपर्यंत दुसरा मेसेज गेला, या वेळी चार भाषांत: उद्या घरात एकही गाडी ठेवायची नाही, सगळ्यांनी फाटकावरूनच जायचं, आणि जमेल तितक्या वेळा जायचं. आणि काय सांगू, मंगळवारी सकाळी आमच्या फाटकावर जत्रा भरली. रिटायर लोकांनी वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्यांची कव्हरं काढली. डेंटिस्ट बाईंनी दवाखाना तासभर बंद ठेवून चकरा मारल्या. मंदिराचे पुजारी मोपेडवर चार वेळा आले आणि चारही वेळा मला बघून हसले. स्कूटर चालवून शोभाचे गुडघे दुखतात, पण त्या दिवशी तिचे गुडघे रेल्वेच्या सेवेत रुजू झाले होते. कुणीतरी ट्रॅक्टर आणला. पोरं गच्च्यांवरून शिट्ट्या मारत होती. इतकी वर्षं शेजारी राहूनही ज्यांची नावं मला माहीत नव्हती, ते लोक गाडीची काच खाली करून मला विचारत होते, "सेक्रेटरी, अजून किती?" मी स्वतः सातव्या चकरेला होतो. इतका आनंद मला मुलाच्या लग्नात झाला नव्हता.

आठव्या चकरेला दत्तोबा हात आडवा करून माझ्या गाडीपुढे उभे राहिले.

"साहेब, कशापायी गरागरा फिरताव?"

मी हळू आवाजात म्हणालो, तुमच्यासाठीच ना. ते म्हणाले, "त्या पोरीला येडी समजू नका. तिनं तुमचा नंबर केव्हाच लिवून ठेवला हाय."

खरंच ठेवला होता. लावण्या रागावली नव्हती, पण दमली होती. तिने आम्हा दोघांना टॅब दाखवला. सोमवारचा दिवस रिकामा, मंगळवारचा खोटा, दोन्ही बाद. एका बुधवारच्या आकड्यावर काही होत नाही. मग कागदावर तळ्याजवळचं फाटकच उरणार. मी तिला विचारलं, परत मोजता येणार नाही का? ती म्हणाली, येईल, पण मोजणी बिघडली कशाने ते कुणीतरी लिहून द्यायला हवं. मी लगेच पेन काढलं. तिने मान हलवली. कॉलनीच्या सेक्रेटरीचं पत्र चालणार नाही. प्रत्येक कॉलनीला रस्ता आपल्याच दाराशी हवा असतो. गेटवर ज्याची ड्यूटी होती त्याने लिहून दिलं तरच वर काही चालेल.

खरं सांगायचं तर पेन परत खिशात ठेवताना मला सुटल्यासारखं वाटलं. मग अर्थ लक्षात आला आणि लाज वाटली. रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवायचा गेटमनला अधिकार नसतो. तसं लेखी दिलं, की ते रेल्वेकडे जाणार, चौकशी होणार. चार महिने राहिलेले असताना. मी म्हणालो, "दत्तोबा, मेसेज मी टाकला होता. तुम्ही फक्त दगड रंगवले. यात तुम्ही पडू नका."

"मेसेज तुमी टाकला. पण टाका म्हणून म्याच म्हणलं होतं की नाय?"

"कुणाला माहीत आहे ते?"

त्यांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एकनाथराव गेला तवा गेटची चावी माझ्या हातात होती, साहेब. तवा मला नियम होता. म्हणून रातच्याला झोप तरी लागली. आता कंचा नियम सांगू?"

 ते खोलीत गेले आणि फळीवरून कागद घेऊन आले. शाळा नारायणगुड्याला मराठीत सातवीपर्यंत झालेली, म्हणून त्यांनी मराठीतच लिहायला घेतलं. वळणदार अक्षर, ओळ कुठे खाली-वर नाही. मध्येच स्टेशनचा फोन वाजला, तेव्हा कागदावर एक जुनं कुलूप ठेवून उठले, गेट बंद केलं, गाडी जाऊ दिली, गेट उघडलं आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुरं केलं. मी त्याचं इंग्रजी केलं. एका जागी मी 'माझ्याकडून नकळत घडले' असं घातलं होतं. त्यांनी मला सगळं मराठीत परत वाचून दाखवायला लावलं आणि ते शब्द काढायला सांगितले. म्हणाले, नकळत कुठं, चांगला चुना आणून केलं की.

दीड महिन्याने पुन्हा मोजणी झाली, या वेळी सलग सात दिवस. कॉलनीत कुणाला काही सांगायचं नाही अशी दत्तोबांची सक्त ताकीद होती. पण तीनशे घरांत गुपित कसं राहणार? सगळे रोजच्यासारखे जात होते, फक्त जाता-जाता छत्रीखालच्या लावण्याकडे चोरून बघत होते. दुसऱ्या दिवशी मी कोथिंबीर आणायला दुसऱ्यांदा गाडी काढली, तर दत्तोबांनी लांबूनच मला पायी जायची खूण केली. गेलो पायी. पाचव्या दिवशी मालगाडी अडकली आणि दोन्ही बाजूंनी गाड्या थेट टॉवरच्या कमानीपर्यंत तुंबल्या. लोक हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते, आणि मी व शोभा बाल्कनीत उभे राहून लग्नाची वरात बघावी तसे बघत होतो. शोभाने माझा हात इतका घट्ट धरला होता, की बांगडीचा वण उठला.

निकाल आला तेव्हा मी पालिकेच्या ऑफिसातच होतो. आमच्या आणि तळ्याच्या आकड्यांत एवढा फरक पडला होता, की कारकुनाने दोनदा चष्मा पुसला. बिल्डरांच्या फीमधून भुयारी रस्ता आमच्या फाटकाखाली मंजूर. मी जिन्यातूनच दत्तोबांना फोन केला.   मग ते म्हणाले, "थांबा, गाडी येऊ लागली," आणि फोन ठेवला. त्या संध्याकाळी कॉलनीत फटाके वाजले. रंजनाताईंनी पुरणपोळ्या केल्या आणि पहिलं ताट झाकून गेटवर पाठवलं. ते मीच घेऊन गेलो. दत्तोबा पहिला घास हातात धरून रडले, आणि मीही रडलो. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

चौकशी व्हायची ती झालीच. पेन्शनला धक्का लागला नाही, पण एकतीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकात शेरा पडला, आणि निष्कलंक नोकरीबद्दल रिटायर होताना मिळणारं प्रशस्तिपत्र गेलं.

मार्चच्या शेवटच्या दिवशी स्टेशनच्या एका खोलीत त्यांचा निरोप समारंभ झाला. हार, शाल, समोसे. कॉलनीतून आम्ही चाळीस जण गेलो, त्यामुळे रेल्वेच्या लोकांना उभं राहावं लागलं. कार्यालयातल्या बाबूंनी रिवाजाप्रमाणे सर्व्हिस बुक वाचलं. भरती, बदल्या, एकदा रुळावरचा तडा वेळेत कळवल्याबद्दल बक्षीस, बावीस वर्षं एकाच गेटवर. लोक टाळ्या वाजवत होते आणि दत्तोबा हाराच्या ओझ्याने वाकल्यासारखे पायांकडे बघत होते. शेवटच्या पानावर बाबू थांबले. भला माणूस; पान तसंच उलटून त्यांनी पुस्तक मिटलं.

"एक राहिलं, बाबूजी," दत्तोबा म्हणाले. "वो बी पढो."

बाबूंनी समोर बसलेल्या रेल्वेच्या साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान डोलावली. पुस्तक पुन्हा उघडलं गेलं आणि बाबूंनी हळूहळू वाचलं, की अधिकार नसताना गेटवरील वाहतूक वळवली आणि त्यामुळे मोजणी चुकीची झाली, याची कबुली कर्मचाऱ्याने स्वतः लेखी दिल्यावरून त्यास ताकीद देण्यात येत आहे. खोलीत कुणी टाळी वाजवली नाही. ते वाचून होईपर्यंत दत्तोबा खुर्चीत ताठ बसले होते, आणि त्यांची मान वर होती.