चांदणीचा पान्हा

पुण्यातला फ्लॅट भाड्यानं देऊन धैर्यशील आणि पूर्णिमा कोल्हापूरला राहायला निघाले, तेव्हा नातेवाइकांनी त्यांना सरळ वेड्यात काढलं. माणसं कोल्हापूर सोडून पुण्याला येतात, हे दोघं उलट्या दिशेनं कुठं निघाले, असं जो तो विचारी. पण धैर्यशीलचं काम लॅपटॉपवरचं, कुठूनही होणारं. आणि पूर्णिमाच्या डोक्यात आठ वर्षांच्या लेकीशिवाय, संयोगिताशिवाय दुसरा विषयच नव्हता. पोर शाळेतून आली की गॅलरीच्या दाराशी बसून राही, विचारलं तेवढंच बोले, ताटातलं चिवडून उठे. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही निघालं नाही. काही निघत नाही, हेच पूर्णिमाच्या जिवाला लागलं होतं.

कोल्हापुरात शहराच्या कडेला घर मिळालं. गच्चीवरून जोतिबाचा डोंगर दिसायचा, मागे ऊस, आणि शाळेचं मैदान तर असं की मुलांना हाका मारून मारून बाईंचा घसा बसावा. संध्याकाळी तिघं दूध कट्ट्यावर जाऊ लागली. इथली रीतच न्यारी. गवळ्यांनी लांब शिंगांच्या म्हशी चौकात आणून उभ्या करायच्या, गिऱ्हाइकानं पेला द्यायचा आणि धार थेट त्यात पडायची. पुण्यात दुधाचा कप दिसला की तोंड फिरवणारी संयोगिता ओठांवर फेसाच्या मिशा घेऊन दुसरा पेला मागू लागली. ते पाहून पूर्णिमाला हसावं की रडावं कळेना. आपण बरोबर केलं, असं तिला कितीतरी दिवसांनी वाटलं.

गुंडू गवळ्याची चांदणी ही कट्ट्यावरची सगळ्यात नखरेल म्हैस. मनात आलं की पान्हा चोरायची, दूध आत ओढून घेऊन ढिम्म उभी राहायची. एका संध्याकाळी तिनं खुद्द गुंडूलाही दाद दिली नाही. पेंड झाली, थोपटणं झालं, गिऱ्हाइकं खोळंबली. तेवढ्यात संयोगिता पुढे झाली, तिनं चांदणीच्या गळ्याखाली हात घातला आणि जीभ टाळूला लावून एक लांबट आवाज काढला. चांदणीनं डोळे मिटले. गुंडूच्या हातातली चरवी भरू लागली.

माणसं कौतुकानं हसली. गुंडू मात्र हसला नाही.

“ही हाळी आमच्या घरातली हाय,” तो म्हणाला. “म्या कट्ट्यावर कवा घालत न्हाय. गोठ्यात तेवढी घालतो.”

“ऐकली असेल कुठंतरी,” पूर्णिमा म्हणाली.

गुंडूची आई चिमणाबाई शेजारी किटल्यांपाशी बसली होती. तिनं संयोगिताला जवळ ओढलं, खरखरीत हातांनी तिचा चेहरा कुरवाळला आणि म्हणाली, “किती उशीर केलास गं बाई.” म्हाताऱ्या माणसाची माया ती, म्हणून पूर्णिमानं ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतर पोर जी खुलली ती खुललीच. भाकरी मागून खाऊ लागली, मोठमोठ्यानं भांडू लागली, तिच्या तोंडी ‘हाय’ आणि ‘न्हाय’ आलं. धैर्यशीलला त्याची गंमत वाटायची. मुलं पाण्यासारखी, ज्या भांड्यात घालाल तशी होतात, असं तो म्हणे. पूर्णिमाही हसे. मग एके दिवशी शाळेत पालकांना बोलावलं होतं तेव्हा वर्गाच्या बाई तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, “महापुरात फार सोसलंत हो तुम्ही. संयोगितानं सांगितलं तेव्हा सगळा वर्ग रडला.”

पाणी गोठ्यात शिरलं, म्हशी सोडून हायवेवर नेल्या, एक रेडकू हातातून निसटून वाहून गेलं आणि आजीनं कितीतरी दिवस अन्नाला शिवलं नाही, असं सगळं पोरीनं वर्गात सांगितलं होतं. तो महापूर आला तेव्हा संयोगिता पुण्यात नुकती पाऊल टाकायला शिकली होती.

पूर्णिमा तशीच गुंडूच्या घरी गेली. गोठा स्वच्छ सारवलेला होता, पण भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसत होती. तिनं आडवळणं न घेता विचारलं, “तुमच्या घरात कुणी मुलगी होती का? म्हणजे... गेलेली वगैरे?”

गुंडूनं हातातली पाटी खाली ठेवली. “न्हाय ओ ताई. आमच्यात पोरगी कवा झालीच न्हाय. माझ्या आज्ज्यापास्नं समदी पोरंच.”

“मग आजी तिला उशीर केलास असं का म्हणाल्या?”

“आईला इचारलं म्या,” गुंडू खाली बघत म्हणाला. “ती म्हनती, झाला की उशीर.”

घरी येऊन पूर्णिमानं मोबाइलवरचे जुने फोटो काढले. वाढदिवस, पुण्याची शाळा, गॅलरी. संयोगिता शेजारी बसून नीट बघत होती. मध्येच तिनं पडद्यावरच्या गप्प पोरीवर बोट ठेवलं आणि कळवळून म्हणाली, “हिला कोन न्हाय का गं?”

त्या रात्री पूर्णिमानं ठरवलं, पुण्याला परत जायचं. धैर्यशील चिडला. पोर हसतेय, जेवतेय, झोपतेय. आणखी काय हवं तुला, असं त्यानं विचारलं. जिच्यासाठी आपण सगळं सोडून आलो ती बरी झाली होती, आणि बरं होता होता आपल्या हातून सुटत चालली होती. असं नवऱ्याला सांगायचं तरी कसं! पूर्णिमा नुसती रडली, आणि धैर्यशील तिच्या रडण्यापुढे नमला.

संयोगितानं मात्र आकांत केला नाही. तिनं एवढंच मागितलं की दिवाळी पाडव्याला चांदणीला सजवायला गुंडूच्या घरी जायचं आणि रात्री तिथंच राहायचं. पाडव्याला इथल्या म्हशी शिंगं रंगवून, गळ्यात घुंगरं बांधून मिरवतात, मालकाच्या हाळीमागं धावतात. शेवटचाच हट्ट, म्हणून पूर्णिमानं हो म्हटलं. निघताना तिनं स्वतःच्या हातानं पोरीची वेणी घातली आणि तिला चिमणाबाईच्या स्वाधीन करून आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान भरलेली गाडी गुंडूच्या दारात उभी राहिली. गोठ्यात चांदणीची रंगवलेली शिंगं उन्हात चमकत होती. संयोगिता शेणाचे हात धुऊन बाहेर आली. तिनं दोघांकडं पाहिलं, मग गाडीकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रुसवा नव्हता. चांगल्या घरच्या पोरीच्या चेहऱ्यावर असावी तशी अगत्याची कळा होती. आत जाऊन तिनं पाण्याचा तांब्या आणला, चटई झटकून अंथरली.

“बसा की पावणं,” ती म्हणाली. “लांबनं आलासा न्हवं? दूध घेनार का च्या ठिवू?”

धैर्यशील हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. चिमणाबाई उंबऱ्यावर बसून मान खाली घालून तांदूळ निवडत होती.

पूर्णिमानं तांब्या घेतला. तिनं सगळं पाणी संपवलं. मग पोरीच्या डोळ्यांत बघत, जमेल तितक्या मऊ आवाजात तिनं विचारलं, “तुझं नाव काय गं, बाळ?”

पोरगी लाजली. परक्या माणसानं नाव विचारलं की लेकरं करतात तसं ती मागं मागं सरकली आणि चिमणाबाईच्या पदराआड जाऊन उभी राहिली.