वेखंडाचा वास

शिवबाईचं नाक चाळीत नावाजलेलं होतं. कुणाची डाळ करपली, कुणाचा नवरा कुठून झोकांड्या खात आला, हे ती उंबऱ्यात बसल्या बसल्या सांगायची. गंमत म्हणजे दिवसभर विडीच्या कारखान्यात तंबाखूत बोटं घालणाऱ्या बाईचं हे नाक! तेलंगी बायकांच्या रांगेत ती एकटीच लिंगायताची. बोटांना येणारा तंबाखूचा उग्र दर्प साबणानं घासूनही जात नसे, पण तिला वास यायचा तो फक्त दुसऱ्यांचा.

तिचा नवरा मल्लप्पा गिरणीत मागावर होता. पाठीच्या दुखण्यावर कुणीतरी अफूची गोळी सुचवली, पाठ दुखायची थांबली, गोळी मात्र थांबली नाही. शेवटी माग चालवता चालवताच त्याला डुलकी लागायला लागली, तेव्हा शिवबाईनं त्याला ओढत विम्याच्या डॉक्टरकडे नेलं.

चन्नप्पा डॉक्टर विम्याच्या पॅनेलवर होते. म्हणजे त्यांच्याकडे नोंदवलेल्या प्रत्येक कामगाराच्या कार्डामागे वर्षाचे ठरलेले पैसे त्यांना मिळायचे, मग त्या माणसाला वर्षभर शिंकही न येवो. त्यांनी मल्लप्पाला तपासलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"हे बघा, विमा आजाराला आहे, सवयीला नाही. अफू असं मी लिहिलं, तर ह्याला ना औषध मिळेल ना रजेचा भत्ता. मी जुनाट आमांश लिहितो. थेंबांचं औषध देतो, त्यात अफूचा अंश असतोच, तो हळूहळू कमी करत नेऊ. पण बाहेरची एक गोळी जरी पोटात गेली, तरी सगळं फुकट. आणि कुणी विचारलंच तर आमांश म्हणायचं."

मल्लप्पानं मान हलवली. शिवबाईच्या मनात मात्र पाल चुकचुकली. पैसे तेवढेच मिळणार असताना हा माणूस कशाला एवढी खटपट करतोय? फुकट राबणारा डॉक्टर तिनं जन्मात पाहिला नव्हता. थेंबांच्या बाटलीचाही तिनं वास घेतला, तो नुसता कापराचा आला.

त्या दिवसापासून घरात एक नवीनच रिवाज सुरू झाला. कारखान्यातून ती परत आली, की मल्लप्पानं तिच्यासमोर बसायचं आणि तोंड उघडायचं. ती वाकून वास घ्यायची, मग चहा ठेवायची. पहिल्या दिवशी मल्लप्पा हसला. पुढं हसेनासा झाला, पण तोंड उघडत राहिला.

सकाळी कामावर जायच्या आधी ती तान्ह्या लेकीला, दाक्षायणीला, बाळगुटी चाटवायची. शेजारची मायाक्का स्वतः गुटी करून डबीत भरून द्यायची. त्यात वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड आणि आणखी काय काय. कामावर जाणाऱ्या सगळ्याच बायका ती न्यायच्या. बोटाच्या टोकावर एवढीशी घ्यायची, लेकराच्या जिभेला लावायची, की लेकरू दुपारपर्यंत हूं की चूं करत नसे. आता मल्लप्पा रजेवर घरीच असल्यामुळं दाक्षायणी त्याच्याच मांडीवर असायची. तिच्या ओठांवरची गुटीमिश्रित लाळ तो खांद्यावरच्या उपरण्यानं टिपायचा.

"पोरीला छातीशी धरलं की मला लई बरं वाटतंय बघ," तो एकदा म्हणाला. शिवबाईला तेही खटकलं. आजवर ज्यानं लेकराला धड उचललं नव्हतं, त्याला आताच कसा पाझर फुटला?

एका रविवारी तिनं धुणं काढलं. सोड्याच्या कढत पाण्यात उपरणं बुडवलं आणि वाफेबरोबर तो वास वर आला. अफू! त्याच्यावर वेखंडाचा थर. शिवबाई तशीच ओल्या हातांनी उठली. तिला सगळं एका क्षणात लख्ख कळलं, निदान तिला तसं वाटलं. हा माणूस गोळी खातो, वर वेखंड चघळून तोंडाचा वास मारतो आणि संध्याकाळी साळसूदासारखा तोंड उघडून बसतो. आणि आपण वेड्यासारखं वाकून बघतो! तिला इतका संताप आला, की तिनं ते उपरणं त्याच्या अंगावर फेकलं.

"काय हाय ह्ये?"

मल्लप्पानं उपरणं हुंगलं. पाणी ठिबकत होतं. तो गोंधळला. "मला काय म्हाईत? मी खाल्ली न्हाय, शिवे."

"मग काय उपरणं खातंय अफू?"

मल्लप्पानं गळ्यातलं इष्टलिंग हातात धरलं. "देवराणे, देवाची शपथ घिऊन सांगतो. लिंगावर हात ठिवून सांगतो. मी खात न्हाय."

लिंगावर हात ठेवल्यावर त्यांच्या घरात पुढं बोलायची रीत नव्हती. तिच्या सासूनं आयुष्यात एकदाच तसा हात ठेवला होता आणि भरल्या पंचायतीनं खाली मान घातली होती. शिवबाईनं मात्र तोंड वाकडं केलं. "अफूवाल्याचा हात लिंगाला लागला, त्येच लई झालं," ती म्हणाली. मल्लप्पानं लिंग सोडलं आणि तो भिंतीकडं तोंड करून निजला.

दुसऱ्या दिवशीच विम्याचा माणूस दारात आला. रामहरी नाव, माळशिरसकडचा. रजेवरचा कामगार खरंच आजारी आहे की घरी बसून मजा मारतोय, हे बघत चाळी हिंडायचं हेच त्याचं काम. मल्लप्पा परसाकडे गेला होता.

"काय म्हणतोय आमांश?" रामहरीनं सहज विचारलं.

डॉक्टरांचं बोलणं शिवबाईला आठवत नव्हतं असं नाही. पण कालचा राग अजून उतरला नव्हता. "कसला आलाय आमांश? अफू खातोय त्यो. अजून खातोय. ह्ये बघा उपरणं."

कुणीतरी सरकारी माणूस त्याला दमात घेईल, एवढंच तिला हवं होतं. रामहरीनं दम दिला नाही. त्यानं शांतपणे लिहून घेतलं, चहा नको म्हणाला आणि गेला. आठवडा सरायच्या आत कार्ड थांबलं, चौकशी होईपर्यंत. थेंबांचं औषध थांबलं, भत्ता थांबला. मल्लप्पा चादर डोक्यावरून ओढून पडला, घामानं भिजायचा, कुडकुडायचा, पाय पोटाशी घ्यायचा, एकसारख्या जांभया द्यायचा. शिवबाईला विचारलंत तर हेही नाटकच होतं. संध्याकाळी मात्र तो तिच्यापुढं उठून बसायचा आणि न सांगता तोंड उघडायचा.

मग मायाक्का लेकीच्या बाळंतपणाला मोडनिंबला गेली आणि डबीतली गुटी संपत आली. शिवबाईनं दोन दिवस डबी खरवडून भागवलं. तिसऱ्या सकाळी दाक्षायणी रडायला लागली ती थांबेचना. नाक गळत होतं. शिंकांवर शिंका. अंगावर काटा. पाय पोटाशी घेत होती आणि एवढंसं तोंड उघडून जांभया देत होती, एकीमागून एक.

शिवबाईनं पाळण्याकडं पाहिलं, मग चादरीखालच्या मल्लप्पाकडं पाहिलं. पोरीला कडेवर मारून, डबी मुठीत धरून ती अनवाणी दवाखान्यात धावली.

चन्नप्पा डॉक्टर तिच्याशी नीट बोलायलाही तयार नव्हते. तिच्या बोलण्यामुळं त्यांचीही चौकशी लागली होती, पॅनेलवरचं नाव जायची वेळ आली होती. पण पोर पाहिल्यावर ते उठले. डबी उघडली. सुया उकळायच्या भांड्यातलं कढत पाणी त्यांनी डबीत ओतलं आणि ती शिवबाईच्या नाकाखाली धरली.

उपरण्याचाच तो वास. वर वेखंड, खाली अफू.

"कोण चाटवतं ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच," शिवबाई म्हणाली. "रोज. ह्या बोटानं." आणि ती भिंतीला टेकून ढसढसा रडली.

डॉक्टरांनी पोरीसाठी पातळ केलेले थेंब बांधून दिले, कार्ड न मागता. एकदम तोडायचं नाही, हळूहळू उतरवू म्हणाले. "मल्लप्पा बाहेरची खात नव्हता, एवढं विम्याच्या लोकांना पटलं, तर कार्ड वाचेल. पण ते तुला सांगावं लागेल. लेकराला अफू कोण देत होतं, हेही सांगावं लागेल. पोलीसही विचारतील. विचार कर."

पोरीला दिवसभर नजरेखाली ठेवून डॉक्टरांनी सोडलं; ती घरी आली तेव्हा गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होऊन गेला होता. मल्लप्पा उठून बसला. त्यानं नेहमीसारखं तोंड उघडलं.

"नगा," शिवबाई म्हणाली. तिनं डबी त्याच्यापुढं धरली. "आज तुमी वास घ्या."

त्यानं घेतला. मग पोरीकडं पाहत म्हणाला, "म्हणून हिला घेतलं की बरं वाटायचं व्हय."

तो ओरडला असता तर तिला सोसलं असतं. ती त्याच्या पायाशी बसली. "उद्या हापिसात जाते. रामहरीसायबाला सांगते, अफू माज्या बोटाला हुती, ह्यांच्या तोंडात न्हवती. काय व्हायचं ते हू द्या."

"आन् त्यानं न्हाय मानलं तर?"

"कसं न्हाय मानणार?" शिवबाईचा हात गळ्याशी गेला. "लिंगावर हात ठिवून सांगीन की."

मल्लप्पानं पोरीला उचलून छातीशी धरलं.

"मी बी ठिवला हुता," तो म्हणाला.